तांबडी पिसं, काळी कातडी जमेल का? कोंबड्यांच्या रंगावर तुमचे प्रश्न

प्रश्न: कोंबडा राखी, कोंबडीपण राखी, तरी १२ पिल्लांत ३ काळी आणि २ मळकट पांढरी निघाली. जोडी विकणाऱ्याने फसवलं का?

नाही हो, बिचाऱ्याला शिव्या देऊ नका. राखी रंग म्हणजे काळ्या रंगावर पातळ करणाऱ्या जनुकाचा एकच डोस. दोन डोस पडले की पिल्लू पांढरट, त्यावर निळसर शिंतोडे, आणि एकही नाही पडला तर सरळ काळं. म्हणून राखी-राखी लावलं की सरासरी निम्मी राखी, पाव काळी, पाव शिंतोड्याची. हे कितीही पिढ्या केलं तरी सुटत नाही. सगळीच राखी हवी असतील तर ती २ मळकट पांढरी जपा, मोठी झाली की काळ्या जोडीदाराला लावा, सगळी पिल्लं राखीच येणार. लोक नेमकी तीच आधी कापतात!

प्रश्न: कडकनाथ (काळ्या कातडीचा) कोंबडा आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, तांबड्या पिसांच्या) कोंबड्या ठेवल्यात. पिसं तांबडी पण कातडी काळी असा पक्षी करायचाय. पहिल्या बॅचला तलंगा (तरुण माद्या) काळ्या कातडीच्या आणि नर फिकट, असं का?

ताई, अगदी बरोबर आलंय. कातडी काळी करणारं जनुक कडकनाथकडून सगळ्यांनाच मिळालं, पण आरआयआरकडे तो काळेपणा दाबणारं एक जनुक असतं आणि ते लिंगाशी जोडलेलं. कोंबडी ते फक्त मुलग्यांना देते, मुलींना नाही. कोंबडा आरआयआर आणि कोंबडी कडकनाथ असती तर सगळीच फिकट आली असती. इंग्लंडात बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षांपूर्वी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांच्या क्रॉसमध्ये हेच दिसलं होतं.

पिसं बहुतेक काळी आली असतील, नाराज होऊ नका, तांबडा आत दडलाय. आता याच बॅचचे भाऊ-बहीण लावा (एकदा चालतं, दरवेळी नको). पिसांचा रंग ढोबळमानाने एका जनुकाचा धरला तर तांबडी पिसं आणि काळी कातडी दोन्ही असलेलं ३२ पिल्लांत ३, म्हणजे दहा-अकरात एखादं. ३०-३५ पिल्लं तरी काढा, म्हणजे खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी धरली तर तीन-चार कोंबड्या बसवाव्या लागतील, अंडी वाया जातात ते वेगळंच. आणि हो, हे पक्षी कडकनाथ म्हणून विकू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, क्रॉसला क्रॉसच म्हणा.

प्रश्न: पांढऱ्या लेगहॉर्न जातीशी क्रॉस केला तर नवीन रंग मिळेल का?

पहिल्या पिढीत पांढरंच मिळेल, फार तर काळे ठिपके. लेगहॉर्नचा पांढरा सगळ्यांवर चढतो. अंडी वाढवायला करा, रंगासाठी नको.

प्रश्न: जुना कोंबडा काढून नवा सोडला, दुसऱ्या दिवसापासूनची अंडी बसवली तर चालेल?

अजिबात नाही. कोंबडीच्या पोटात आधीच्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. मी स्वतः ही चूक केलीय, पट्टेरी कोंबडा देऊन टाकला, आठवड्यात नव्याची म्हणून अंडी बसवली आणि निम्मी पिल्लं पट्टेरी निघाली, वहीतला अख्खा सीझन फुकट. तीन आठवडे अंडी खा, मग बसवा, आणि पिल्लांच्या पायात रंगीत रिंग घाला, नाहीतर महिन्याभराने कोण कुणाचं ते आईलाही सांगता येत नाही.