‘पार्टनर’ म्हणजे नेमके कोण?

इंग्लंडमधील सहकारी, त्यांतले काही रीतसर लग्न झालेलेही, घरच्या माणसाचा उल्लेख ‘माय पार्टनर’ असा का करतात, आणि ‘बॉयफ्रेंड’, ‘लव्हर’, ‘सिग्निफिकंट अदर’ हे शब्द त्याच्या जागी चालतील का, असे आपण विचारले आहे.

‘पार्टनर’चा मूळ अर्थ प्रेमाचा नसून वाटणीचा आहे. फ्रेंचमधून आलेला ‘पार्सनर’ हा शब्द वारसाहक्काच्या मालमत्तेतील सहहिस्सेदारासाठी होता आणि पुढे ‘पार्ट’ या शब्दाच्या ओढीने त्याचे रूप बदलले. आपल्या हिंदू वारसा कायद्यातील ‘कोपार्सनर’, म्हणजे सहदायाद, हा त्याच घराण्यातला. जोडीदार या अर्थानेही ‘पार्टनर’ जुनाच आहे. मात्र लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी वाढू लागली, तेव्हा त्याची खरी गरज भासली, कारण पन्नाशीच्या गृहस्थाला ‘बॉयफ्रेंड’ म्हणणे कानाला विचित्र लागते आणि ‘हजबंड’ म्हणणे खोटे ठरते.

ही अडचण अमेरिकेच्या जनगणना खात्यालाही आली होती. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ‘पर्सन्स ऑफ ऑपोझिट सेक्स शेअरिंग लिव्हिंग क्वार्टर्स’ असा लांबलचक वर्ग पाडला गेला आणि त्याच्या आद्याक्षरांचा ‘पॉसलक्यू’ झाला. चार्ल्स ऑसगुड या निवेदकाने त्यावर विनोदी कविताही केली. पण ‘हा माझा पॉसलक्यू’ अशी ओळख गंभीरपणे कोण करून देणार? 1990च्या जनगणनेत ‘अनमॅरिड पार्टनर’ असा सरळ पर्याय आला.

ब्रिटनमध्ये या शब्दाला कायद्याचेही बळ मिळाले. समलिंगी जोडपी तो आधीपासून वापरत होतीच. 2004च्या कायद्याने त्यांच्यासाठी ‘सिव्हिल पार्टनर’ हे अधिकृत नाते निर्माण केले आणि 2019च्या अखेरीस इंग्लंड-वेल्समध्ये ते स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुले झाले. परिणामी आज तिथे ‘पार्टनर’ या शब्दावरून समोरच्याचे लग्न झाले आहे की नाही, जोडीदार स्त्री आहे की पुरुष, यांतले काहीच कळत नाही आणि माझ्या मते तीच त्याच्या यशाची गुरुकिल्ली आहे. विवाहित सहकारीही तो वापरतात, कारण कार्यालयात एवढा तपशील सांगण्याची गरज त्यांना वाटत नाही. धंद्यातला भागीदार अभिप्रेत असेल आणि घोटाळ्याची शक्यता असेल, तर ‘बिझनेस पार्टनर’ असे स्पष्ट म्हणतात.

इथे मराठी मुलांना एक इशारा द्यायला हवा. आपल्याकडे वसतिगृहात खोलीत सोबत राहणारा तो ‘रूम पार्टनर’ आणि पुढे नुसताच ‘पार्टनर’. इंग्लंडमधील लीड्स शहरात नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याने ‘आय लिव्ह विथ माय पार्टनर’ म्हटले, तर ऐकणारा वेगळाच अर्थ घेईल. तिथे ‘फ्लॅटमेट’ किंवा ‘हाउसमेट’ म्हणावे.

‘लव्हर’ मात्र टाळलेलाच बरा. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातला ब्रूटस जमलेल्या रोमन नागरिकांना ‘लव्हर्स’ म्हणून हाक मारतो, ती स्नेही या अर्थाने; आज त्या शब्दाला शरीरसंबंधाचा आणि बरेचदा चोरट्या संबंधाचा वास येतो. (आपल्या वृत्तपत्रांनी ‘प्रियकराच्या मदतीने’ अशा मथळ्यांतून ‘प्रियकर’ या गोड शब्दाची अशीच वाट लावली आहे.)

‘सिग्निफिकंट अदर’चा उगम मानसशास्त्रातला. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या लेखनातून रुळलेल्या या संज्ञेत, मुलाची स्वतःविषयीची कल्पना ज्यांच्या वागण्यातून घडते अशी माणसे येतात, आणि त्यांत आईचे स्थान सर्वांत वरचे. या संज्ञेचा अर्थ जोडीदारापुरता नंतर आक्रसला. आता ती निमंत्रणपत्रांत किंवा अर्धवट थट्टेत शोभते. रोजच्या बोलण्यात जड वाटते.

सरकारी अर्ज भरताना मात्र बोलीतला अर्थ गृहीत धरू नये. कॅनडाच्या स्थलांतर अर्जातील ‘कॉमन-लॉ पार्टनर’साठी किमान एक वर्ष वैवाहिक जोडप्यासारखे सलग एकत्र राहिलेले असावे लागते, त्यामुळे केवळ साखरपुडा झालेला वर त्यात बसत नाही. उलट इंग्लंडमध्ये लोक ‘कॉमन-लॉ वाइफ’ सर्रास म्हणत असले, तरी कितीही वर्षे एकत्र राहून तिथल्या कायद्यात तो दर्जा मिळत नाही.