कॉलेजात खेळण्याचा आणि कोचिंगचा धंद्यात खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात कबड्डी खेळलो, आता ऐरोलीत नोकरी करून संध्याकाळी त्याच कॉलेजच्या मुलांना शिकवतो, खेळाडू चांगले उद्योजक होतात असं सगळे सांगतात, तर नोकरी सोडून खेळाच्या सामानाचा धंदा करावा का?

खेळल्याचा उपयोग थोडा होतो. शिकवल्याचा खूप होतो. आणि हा फरक कोणी सांगत नाही म्हणून एवढं लिहायला बसले आहे.

जिद्द, नेतृत्व, जिंकण्याची भूक हे भाषण ठाण्यातल्या प्रत्येक मंडळाच्या बक्षीस समारंभात होतं. मी डावा कोपरा खेळायचे, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळले. माझ्याबरोबरच्या मुलींमध्ये जिद्द काही कमी नव्हती, पण त्यांतल्या किती जणींनी धंदा केला? खेळाडूला आपली पकड, आपला घोटा आणि आपला सामना एवढंच बघायचं असतं. प्रवेशिका कोणी भरल्या, पात्रतेचे कागद कोणी नेले, प्रवासखर्चाचं बिल मंजूर कसं झालं, हे बघायचं त्याला कारणच पडत नाही. कोचला पडतं. बारा जणींचा संघ, मॅटवर सात. उरलेल्या पाच जणींना पुढच्या सरावाला यावंसं वाटलं पाहिजे, त्यांच्या आईवडिलांनी रात्रीच्या सामन्याला पाठवलं पाहिजे, आणि हे सगळं कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे शिल्लक असेल तेवढ्या पैशात. गाळ्यावर कारागीर सांभाळणं यापेक्षा वेगळं नाही.

आता माझा धंदा कसा सुरू झाला ते सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मी कॉलेजात मुलींच्या संघाला शिकवते. त्या संघाला कॉलेजकडून जे किट यायचं ते पुरुषांच्या मापाचं. त्यातलंच स्मॉल काढून आम्हाला द्यायचे. गळा मोठा, मुंढा लोंबता, शिवण एकेरी. नियमाने चढाई करणाऱ्याला कपड्याला धरता येत नाही, हातपाय किंवा धडच धरायचं. पण चेन, म्हणजे एकमेकींचे हात धरलेल्या बचावपटू, आवळली की कोणाची बोटं कुठे अडकतील ते देव जाणे. एका रात्रीच्या सामन्यात आमची सगळ्यात चांगली रेडर, म्हणजे चढाई करणारी, बोनस गुण घेऊन वळली, चेन बंद झाली, आणि तिची जर्सी खांद्यापासून काखेपर्यंत उसवली. दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून ती मॅटवर उभी. बाजूला मंडळाची पोरं, वर हॅलोजन. मी माझं जॅकेट घेऊन धावले, बदली खेळाडू आत घातली. सामना गेला, त्याचं मला फार काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला, की मॅडम, ती आता येणार नाही. ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे बोलले.

किट देणाऱ्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, लेडीज कट हवा तर किमान पन्नास नगांची ऑर्डर द्या. बारा मुलींच्या संघाने पन्नास जर्स्या कुठून घ्यायच्या?

मग उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून कापड घेतलं आणि कळव्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका काकूंकडे गेले. काकूंनी कबड्डीचा सामना कधी बघितलेला नव्हता. त्या म्हणाल्या, मुलींना घेऊन या, उभं राहून माप घेणार नाही, तुम्ही खेळता तसं करून दाखवा. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाट बाजूला सारून मुलींनी चेन धरली, वाकल्या, हात पसरले, आणि काकू टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरत राहिल्या. पाठ कुठे वर जाते, काख कुठे ताणते, सगळं खडूने कापडावर. त्यांनी काखेत चौकोनी तुकडा जोडला, जुन्या सदऱ्याला असतो तसा, म्हणजे हात वर गेला तरी शिवणीवर ताण येत नाही. मुंढा आवळला, गळा बंद केला, ओव्हरलॉकवर आणखी एक टीप मारली. मी ती जर्सी घेऊन त्या मुलीच्या घरी गेले आणि वडिलांना म्हटलं, ओढून बघा. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितली. मुलगी परत आली.

त्या मोसमात बाकीच्या कॉलेजच्या मॅडमनी बाकावर बसल्या बसल्या विचारायला सुरुवात केली, कुठून शिवलंत? कल्याण, वाशी, भिवंडी. धंदा तिथून सुरू झाला. त्यात माझं भांडवल पैशाचं नव्हतंच. कोणत्या कॉलेजची ऑर्डर कोणत्या महिन्यात निघते, सही कोणाची लागते, पावसाळा संपायच्या आत माल का तयार हवा, हे मला माहीत होतं, कारण मीही त्याच रांगेत उभी होते. पुढे सब्लिमेशन छपाई, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवणं, आली आणि लहान ऑर्डरची अडचणच संपली. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक डिझाइनची वेगळी जाळी करावी लागते, सब्लिमेशनला बारा जर्स्यांवर बारा नावं टाकली तरी खर्च तोच. फक्त कापड पॉलिस्टर आणि फिकट रंगाचं हवं, सुतीवर तो रंग बसत नाही. आज वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे, काकू तिथे कटिंग बघतात.

आता ज्यांच्याकडून मी चेन धरायला शिकले ते आमचे सर. एका स्पर्धेत सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू खेळ विकायला काढलास." त्यांच्याबद्दल आदर आहे आणि राहील, पण हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. आमच्यात कोचने तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबावं, त्यालाच निष्ठा म्हणायची, आणि शिट्टीपासून गुडघ्याच्या पट्टीपर्यंत सगळ्यावर दुसऱ्या कोणीतरी पैसे कमवायचे. मुलग्यांना २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. त्यांनीच मुलींसाठी २०१६ मध्ये एकदा लीग केली, ती एका मोसमातच थांबली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी तैवानला २६-२५ असं हरवून सुवर्ण आणलं, तरी गल्लीतल्या मुलीला अंगाला बसेल अशी जर्सी मिळत नव्हती. ती शिवून विकली तर मी खेळ विकला? सर, तुमच्याच संघातल्या मुली आज माझी जर्सी घालून खेळतात, आणि उसवत नाही.

एक गोष्ट मात्र धंदा सुरू झाल्यापासून पाळली आहे: माझ्या स्वतःच्या संघाला मी किट विकत नाही. कॉलेज तीन कोटेशन मागवतं, त्यात माझं नसतं. ज्या मुलींची निवड तुमच्या हातात आहे त्यांना माल विकू नका. एवढं पाळलंत तर कोणाचं ऐकून घ्यायची गरज नाही.

नाइकीचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी दिलंच असेल. सगळे फिल नाइटबद्दल बोलतात, ओरेगन विद्यापीठात धावणारा मुलगा. मला त्यातले त्याचे कोच बिल बाउरमन महत्त्वाचे वाटतात. आपल्या धावपटूंचे बूट उसवून, कापून, हलके करून बघणारा माणूस तो होता. दोघांनी १९६४ मध्ये पाचपाचशे डॉलर घालून कंपनी काढली, आणि नाइट शर्यतींच्या मैदानांवर गाडीतून बूट विकत होता. त्याने पूर्ण वेळ धंद्यात उडी घेतली ती १९६९ मध्ये. तोवर हिशेबनीस म्हणून नोकरी केली, कॉलेजात शिकवलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे: नोकरी इतक्यात सोडू नका. मीही दोन मोसम नोकरी आणि धंदा दोन्ही केलं.

सामानाचा धंदा म्हणजे नुसती खरेदी-विक्री करणार असाल तर मी तरी करू नका म्हणेन. जांभळी नाक्यावर जाऊन कोणीही तुमच्यापेक्षा दोन रुपये कमी लावेल. तुमच्या मुलांना कशाचा त्रास होतो ते बघा, आणि ते स्वतः बनवा किंवा ती सेवा द्या.

याला आणखी एक कारण आहे, उधारी. कॉलेजं बुडवत नाहीत, पण थांबवतात. एका संस्थेने माझं बिल इतकं लांबवलं की पुढच्या मोसमाचं कापड घ्यायला दागिना ठेवावा लागला. पहिलं बिल फाडायच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. हे संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापून घ्या. मी छापायला लागल्यापासून फोन कमी करावे लागतात.

हे सगळं मुलींच्या कबड्डीपुरतं आणि ठाण्या-नवी मुंबईपुरतं, हे लक्षात ठेवा. क्रिकेटमध्ये मोठे ब्रँड बसलेले आहेत, तिथलं मला सांगता येणार नाही. तुम्ही मुलांना शिकवता, त्यांच्या अडचणी वेगळ्या असतील. पुढच्या सरावाला बाकावरच्या पाच जणांना विचारून बघा, खेळणाऱ्या सात जणांना ते सुचणार नाही.