गॉस्पेल ब्लूज : शुभवर्तमान की खिन्नता?

गॉस्पेल ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराच्या नावाबद्दल प्रश्न असा आहे : 'गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान आणि ब्लूज म्हणजे खिन्नता. मग गॉस्पेल ब्लूज हा वदतोव्याघात नाही का? मराठीत सरळ भक्तिगीत म्हटलं तर? आणि ब्लूज गायला की गायले?'

पहिला अर्थ बरोबर. जुन्या इंग्रजीतल्या 'गोडस्पेल'मधला 'गोड' म्हणजे देव नव्हे, तर चांगला. 'स्पेल' म्हणजे वार्ता. (आपल्या गोडाशी त्याचं नातं नाही, जोडायचा मोह होतो खरा.) मराठी ख्रिस्ती मंडळींचा 'शुभवर्तमान' हा शब्द त्याला नेमका बसतो, वर्तमानपत्रातलं वर्तमान तेच.

घोळ ब्लूजपाशी आहे. एरवी तो खिन्नता सांगत असेल, पण या जोडशब्दात तो गाण्याचा ढंग सांगतो. नाटकातल्या पदावर 'चाल अमुक' असं छापलेलं असतं ना, जवळपास तसंच. शब्द चर्चचे, चाल रस्त्यावरची.

टेक्ससचा ब्लाइंड विली जॉन्सन घ्या. 1927 ते 1930 या काळात त्याने कोलंबिया कंपनीसाठी 30 गाणी ध्वनिमुद्रित केली, सगळी धार्मिक. मात्र तो खरखरीत, घशातून ओढलेला आवाज आणि गिटारच्या तारेवर घसरत जाणारे स्वर ब्लूजचेच. त्याच्या 'डार्क वॉज द नाइट'मध्ये तर शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि गिटार. शीर्षक ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या जुन्या स्तोत्रातलं. इथे मात्र खिन्नता आहे, नाही कशाला म्हणू? 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात हे गाणं आहे.

पण तेवढ्यावरून अर्थ ठरवू नका. ॲरिझोना ड्रेन्स ही टेक्ससचीच अंध पियानोवादक. 1926 मध्ये शिकागोत तिने ओके कंपनीसाठी गायला सुरुवात केली. ते ऐकताना पाय ताल धरतात. खिन्नता औषधालाही नाही. वॉशिंग्टन फिलिप्स या गायकाने तर 1927 मध्ये आपल्या गाण्याला 'डिनॉमिनेशन ब्लूज' असंच नाव दिलं आणि त्यात वेगवेगळ्या पंथांच्या भांडणांची थट्टा केली. त्याचं वाद्य कोणतं, यावर रसिकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. ते झिथरच्या, म्हणजे पेटीवर ताणलेल्या तारा छेडून वाजवायच्या वाद्याच्या जातीचं. तो स्वतः त्याला 'मँझरीन' म्हणायचा. शब्दकोशात सापडणार नाही.

आता 'भक्तिगीत'. माझ्या मते नको. हा शब्द ऐकला की मराठी कानाला पहाटेचा रेडिओ आठवतो आणि मूळ जोडशब्दातला ताण जातो. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, असं चर्चला जाणारी बरीच माणसं म्हणत. ब्लूज गाणाऱ्या ब्लाइंड लेमन जेफरसनची धार्मिक गाणी 'डीकन एल. जे. बेट्स' या वेगळ्या नावाने बाजारात आली, चार्ली पॅटनची 'एल्डर जे. जे. हॅडली' या नावाने. गायक एकच, पण पाटी दुसरी. म्हणून पहिल्या उल्लेखात 'ब्लूजच्या ढंगातली ख्रिस्ती भक्तिगीतं' अशी फोड करावी आणि पुढे बेलाशक गॉस्पेल ब्लूज लिहावं. 'ब्लाइंड विली'चा 'आंधळा विली' करू नका. रेकॉर्डवर छापलेलं नाव आहे ते.

राहिलं लिंग-वचन. इंग्रजीत शेवटी अनेकवचनाचा 'ज' असला, तरी मराठीत मी एकवचनी पुल्लिंगीच वापरतो : ब्लूज गायला, ब्लूज ऐकला. 'ब्लूज ऐकल्या' असंही एकदा वाचलंय. ते मात्र कानाला खटकतं.