‘टोल्ड’, ‘सेड’ आणि आपला ‘की’

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मिरजेच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून तुम्ही इंग्रजीत मेल लिहिता. त्यातलं एक वाक्य होतं, “द ड्रायव्हर टोल्ड दॅट ही विल रीच मिरज बाय इव्हनिंग अँड ही आस्क्ड दॅट व्हेअर टू अनलोड.” साहेबांनी त्यात दोन ठिकाणी लाल खूण केली, कारण काही सांगितलं नाही. ‘टोल्ड’ चुकलं तर ‘सेड’ का चालतं, आणि ‘दॅट’ कुठे लावायचं, हे तुम्ही विचारलंय.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. तुमचं मराठी पक्कं आहे, त्यातूनच ती आली. आपण ‘तो म्हणाला’ म्हणतो आणि ‘तो मला म्हणाला’ही म्हणतो. ‘त्यानं सांगितलं’ चालतं, तसंच ‘त्यानं मला सांगितलं’ही चालतं. म्हणजे ज्याला सांगितलं तो माणूस वाक्यात घ्यायचा की गाळायचा, हे दोन्ही क्रियापदांत आपल्या मर्जीवर आहे. इंग्रजीत तशी मर्जी चालत नाही. ‘टेल’च्या मागोमाग ऐकणारा यावाच लागतो: टोल्ड मी दॅट, टोल्ड अस दॅट, टोल्ड द मॅनेजर दॅट. ‘से’च्या लगेच पुढे ऐकणारा बसतच नाही. आणायचाच असेल तर ‘टू’ घालून आणायचा, ‘सेड टू मी दॅट’, आणि तेही बोलण्यात फारसं कोणी करत नाही. म्हणून ‘टोल्ड दॅट’ चूक आणि ‘सेड मी दॅट’ही तेवढीच चूक.

यापुढे प्रत्येक क्रियापद त्याच्या सोबत्यासकट पाठ करा. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘अशुअर’, ‘कन्व्हिन्स’ ही ‘टेल’च्या घरातली, यांना माणूस लागतो. आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास दिसणारं ‘धिस इज टू इन्फॉर्म दॅट’ म्हणजे ‘कळविण्यात येते की’चं सरळ भाषांतर. मराठीत कोणाला कळवलं हे न सांगता भागतं. इंग्रजीत ‘धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट’ लिहा. उलट ‘एक्स्प्लेन’, ‘मेन्शन’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’, ‘अॅडमिट’ ही ‘से’च्या घरातली: ‘ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’. ‘एक्स्प्लेन्ड मी’ कधीच नाही. ‘प्रॉमिस’ आणि ‘वॉर्न’ मात्र मराठीसारखी मोकळी आहेत. माणूस घ्या किंवा गाळा, दोन्ही बरोबर.

शंका आली तर वाक्य फिरवून बघा. ‘आय वॉज टोल्ड दॅट’ म्हणता येतं, म्हणजे ‘टोल्ड’च्या पुढे माणूस बसतो. ‘आय वॉज सेड दॅट’ म्हणता येत नाही. ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड दॅट’ हेही याच कारणानं चूक, पण ते मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून रोज ऐकतो. तिथे ‘इट वॉज एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ म्हणावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे पैशाचा घोळ होऊ शकतो. १९९०च्या दशकात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी पत्रव्यवहार बघायचो. मालक तोंडी सांगत, मी इंग्रजीत टाइप करायचो. एकदा मुंबईच्या बायरचा फोन येऊन गेला आणि मालक म्हणाले, “दलालाला लिही, बायर म्हणाला की मी सोमवारी पैसे पाठवतो.” मी टाइप केलं, ‘द बायर सेड दॅट आय विल सेंड द मनी ऑन मंडे.’ शब्दाला शब्द, एकही गाळला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, पैसे नाहीत. दलालाला फोन लावला तर तो म्हणाला, “पत्रात तर तुम्हीच पैसे पाठवणार असं लिहिलंय, मला वाटलं काही परतावा द्यायचा असेल. म्हणून मी बायरला विचारलंच नाही.” त्याचं काही चुकलं नव्हतं. ते पत्र मी आजही वाचलं तर त्याच्यासारखंच वाचीन.

कारण ‘की’ आणि ‘दॅट’ एक नव्हेत. शाळेत ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात आणि इंग्रजीच्या तासाला त्याच्यासमोर ‘दॅट’ लिहून मोकळे होतात. पण ‘की’च्या पुढे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू शकतो. ‘बायर म्हणाला की मी पाठवतो’ यातला ‘मी’ म्हणजे बायर, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या सांगली-मिरजेकडे तर ‘उद्या येतो म्हणून सांगितलंय’ असं आधी बोलणं आणि मागून ‘म्हणून’ अशी रीत आहे. शेजारच्या कन्नडात ‘अंत’ आणि मिरजेत कानावर पडणाऱ्या दखनी उर्दूत ‘बोलके’ हेच काम करतात. तिन्हीकडे बोलणारा स्वतःच्या शब्दांतच हजर असतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की तो बोलणारा बाजूला होतो आणि सगळं वाक्य निरोप देणाऱ्याच्या तोंडचं होतं. मग ‘आय’ म्हणजे पत्र लिहिणारा, दुसरं कोणी नाही. तिथे ‘ही’ हवा होता: ‘द बायर सेड दॅट ही वुड सेंड द मनी ऑन मंडे.’

‘विल’चं ‘वुड’ होतं तेही यामुळेच. बोलणं होऊन गेलं, आपण आज सांगतोय, म्हणून काळ एक पाऊल मागे सरकतो. मात्र गोष्ट अजून खरी असेल किंवा व्हायची असेल तर ‘विल’ ठेवलं तरी चालतं. तुमचा मेल दुपारी गेला असेल आणि संध्याकाळ व्हायची असेल, तर ‘विल रीच’ला मी चूक म्हणणार नाही. साहेबांनी तिथे खूण केली नाही, ते बरोबरच आहे.

दुसरी लाल खूण ‘आस्क्ड दॅट व्हेअर’वर आहे. आपण ‘त्यानं विचारलं की कुठे उतरवू’ म्हणतो, प्रश्नाच्या आधीही ‘की’ चालतो. इंग्रजीत प्रश्नवाचक शब्द स्वतःच सांधा होतो, त्याच्या आधी ‘दॅट’ लावला की दोन सांधे होतात. ‘आस्क्ड व्हेअर’, ‘आस्क्ड व्हेन’, आणि हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘आस्क्ड इफ’ किंवा ‘व्हेदर’. शब्दांचा क्रमही साध्या वाक्याचा ठेवायचा: ‘ही आस्क्ड मी व्हेअर द गोडाउन वॉज.’ तिथे ‘व्हेअर वॉज द गोडाउन’ केलं तर पुन्हा लाल खूण येईल.

काही क्रियापदांना ‘दॅट’ सोसतच नाही. ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ हे ‘मला वाटतं की तुम्ही यावं’ असं आहे. इंग्रजीत ‘आय वॉन्ट यू टू कम’. ‘सजेस्ट’चं नेमकं उलटं. ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ चूक, ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ किंवा ‘शुड वेट’ बरोबर. ‘डिस्कस’च्या पुढेही ‘दॅट’ येत नाही. मीटिंगमध्ये दर जास्त आहे यावर एकमत झालं असेल तर ‘अॅग्रीड दॅट’ लिहा, नुसती चर्चा झाली असेल तर ‘डिस्कस्ड द रेट’.

‘दॅट’ गाळायचा कधी? ‘सेड’, ‘टोल्ड मी’, ‘थिंक’, ‘नो’, ‘होप’ यांच्यानंतर बोलण्यात तो बहुतेक वेळा गळतो आणि त्यात गावठी काही नाही. ‘एक्स्प्लेन’, ‘पॉइंट आउट’, ‘अनाउन्स’ यांच्यानंतर लिहिताना ठेवलेला बरा. एके ठिकाणी मात्र कधीच गाळू नका, ते म्हणजे मध्ये वार किंवा वेळ आली असेल तर. ‘द ड्रायव्हर सेड ऑन संडे द मार्केट वुड बी क्लोज्ड’ हे वाक्य बघा. ड्रायव्हर रविवारी बोलला, की मार्केट रविवारी बंद? ‘सेड दॅट ऑन संडे’ लिहिलं की मार्केट रविवारी बंद, आणि ‘सेड ऑन संडे दॅट’ लिहिलं की बोलणं रविवारचं. माल रस्त्यावर असताना हा फरक फार मोठा असतो. आणि ‘दॅट’च्या नंतर स्वल्पविराम देऊ नका. आपण ‘की’नंतर थांबतो, त्या सवयीनं तो पडतो.

कोश घ्याल तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा घ्या, नुसता इंग्रजी-मराठी घेऊ नका. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं तो छापला. कोणत्या क्रियापदामागे काय येतं, हे त्यात मुद्दाम दाखवलं होतं, कारण शिकणारा तिथेच अडतो. आजच्या आवृत्त्यांत ‘टेल’खाली ‘समबडी दॅट’ आणि ‘एक्स्प्लेन’खाली ‘टू समबडी दॅट’ अशी सोय असते. अर्थ माहीत असला तरी ती ओळ वाचा.

तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: “द ड्रायव्हर टोल्ड अस ही वुड रीच मिरज बाय इव्हनिंग अँड आस्क्ड व्हेअर टू अनलोड.” ड्रायव्हरचा फोन तुम्ही स्वतः घेतला असेल तर ‘अस’च्या जागी ‘मी’ लिहा. गाडी उशिरा आली तर कोणाला विचारायचं, हे साहेबांना त्या एका शब्दावरून कळेल.