अन्ननलिकेचं ऑपरेशन : जोड का गळतो?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. अन्ननलिकेचा कॅन्सर, शिवाय मधुमेह आणि विडी. तीन महिन्यांत वजन ५८ वरून ५० किलोवर आलंय. महिन्याभराने ऑपरेशन आहे. धोका कशामुळे वाढतो?
– एक वाचक, कळवा

उत्तर : विडी आजच बंद, 'कमी करतो' चालणार नाही. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे तरी मिळायला हवेत. या ऑपरेशननंतर न्यूमोनिया ही नेहमीची अडचण, आणि विडीने फुप्फुसं आधीच कफाने भरलेली असतात. तीन छोट्या चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं उपकरण, आणा. बरेच जण त्यात फुंकतात. हवा आत ओढायची असते. जागेपणी दर तासाला दहा वेळा.

दुसरी भीती जोड गळण्याची. अन्ननलिका काढल्यावर जठराची नळी करून वर आणतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला मानेत किंवा छातीत शिवतात; हाच तो जोड. तिच्या टोकाला रक्तपुरवठा मुळातच तोकडा. त्यात कुपोषण, तंबाखू आणि वाढलेली साखर असेल तर जखम भरत नाही. मानेतला जोड जास्त वेळा गळतो, पण छातीतली गळती अधिक घातक.

वडिलांचं १४ टक्के वजन घटलंय, ही गोष्ट मला साखरेपेक्षाही मोठी वाटते. रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम. डाळीच्या वरच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही! पातळ पदार्थही उतरत नसतील तर नाकातून नळी घालण्याबद्दल सर्जनना लगेच विचारा.

ऑपरेशननंतर ताप, नाडी जलद, धाप किंवा छातीत दुखणं दिसलं तर त्याच तासाला कळवा.