‘द्विपक्षीय सहकार्य’ म्हणावे का?

अमेरिकेच्या राजकारणावरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या माझ्या परिचयातील बाईंनी दोन शब्दांविषयी विचारले आहे. मूळ लेखात ‘ग्रिडलॉक’ (कायदेमंडळाचे काम अडून राहणे) आणि ‘बायपार्टिझन’ (डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या तेथील दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून केलेले) हे शब्द वारंवार येतात. शब्दकोशात त्यांना ‘कोंडी’ आणि ‘द्विपक्षीय’ असे प्रतिशब्द मिळतात. ते चालतील का?

‘कोंडी’ चालेल, किंबहुना तोच शब्द घ्यावा, कारण ‘ग्रिडलॉक’ आणि ‘कोंडी’ या दोन्ही शब्दांचा रस्त्याशी संबंध आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात बहुतेक रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. चौकात शिरलेले वाहन पलीकडे निघू शकले नाही की आडवा रस्ता अडतो, त्या रस्त्यावरची रांग मागच्या चौकापर्यंत जाते, आणि अखेरीस कोणालाच हलता येत नाही. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक वाहतुकीचा संप झाला, तेव्हा तेथील वाहतूक अभियंता सॅम श्वार्ट्झ यांच्यामुळे ‘ग्रिडलॉक’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. मात्र मराठीत ‘सरकारची कोंडी’ असे लिहिले की कोणीतरी सरकारला कोंडीत पकडले, असा अर्थ होतो, आणि मूळ शब्दाचा रोख तो नाही. तेथे अडवणारा आणि अडलेला एकच असतो. म्हणून ‘कामकाजाची कोंडी’ किंवा ‘कायदेमंडळातील कोंडी’ असे लिहावे. एखाद्या विशिष्ट विधेयकापुरते बोलायचे असेल तर ‘तिढा’ अधिक नेमका.

ओघाने एक सूचना. निधीचे विधेयक वेळेत मंजूर झाले नाही तर तेथे ‘शटडाउन’ होते. त्याला ‘सरकार पडले’ असे चुकूनही लिहू नये. सरकार पडणे ही संसदीय पद्धतीतली घटना आहे. अमेरिकेत अध्यक्ष आणि कायदेमंडळाची दोन सभागृहे, म्हणजे प्रतिनिधिगृह व सिनेट, यांची निवड स्वतंत्रपणे होते, त्यामुळे कोणीच पडत नाही, फक्त सरकारचे बरेचसे काम थांबते. २०१८-१९ मध्ये ते ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस थांबले, आणि त्या काळात हवाई वाहतूक नियंत्रकांना पगाराविना कामावर यावे लागले.

खरी अडचण ‘द्विपक्षीय’ची आहे. ‘द्विपक्षीय करार’, ‘द्विपक्षीय चर्चा’ हे शब्द आपल्या वृत्तपत्रांत दोन देशांसाठी इतके रुळले आहेत की ‘अमेरिकेतील द्विपक्षीय सहकार्य’ वाचताच ते कोणत्या देशाशी, असा प्रश्न वाचकाला पडेल. ‘सर्वपक्षीय’ हा शब्द जवळचा वाटतो, परंतु सर्वपक्षीय बैठकीत नेते एकत्र बसतात, मते मोजली जात नाहीत. आणि बायपार्टिझन विधेयकाचा सारा अर्थ मतांच्या मोजणीत आहे. मला ‘उभयपक्षी’ योग्य वाटतो. ‘उभयपक्षी मान्य’ असे आपण करारमदारात लिहीतच आलो आहोत, आणि त्या शब्दात देवघेव गृहीत आहे.

याहून मोठा सापळा ‘फुटणे’ या क्रियापदाचा आहे. दुसऱ्या पक्षाच्या प्रस्तावाला मत देणारा आमदार आपल्याकडे ‘फुटतो’, त्याचे मत ‘फुटते’. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तर पक्षादेश डावलणाऱ्याचे सदस्यत्वही जाऊ शकते. त्यामुळे विवेकाने दिलेल्या विरोधी पक्षीयाच्या मतासाठी आपल्या भाषेत सन्मानाचे क्रियापद घडलेच नाही. याची मला खंत वाटते.

अमेरिकेतील वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा घ्या. दक्षिणेकडील सिनेटरांनी तो दोन महिन्यांहून अधिक काळ भाषणांनी रोखून धरला होता. (याला ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणू नये, गुऱ्हाळात अडवण्याचा हेतू नसतो. ‘भाषणांची अडवणूक’ म्हणावे.) अडवणूक करणारे बहुतेक अध्यक्षांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. चर्चा संपवण्यासाठी त्या वेळी दोन-तृतीयांश मते लागत. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा संपवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला, आणि त्या ७१ मध्ये २७ रिपब्लिकन होते. ते फुटले नव्हते. त्यांचे स्वतःचे नेते एव्हरेट डर्कसन यांनीच विधेयकाच्या मसुद्यावर वाटाघाटी करून त्यांना तेथवर आणले होते. मेंदूतील गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना त्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणले गेले. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून आपल्या डोळ्याकडे नेला. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे डोळा, आणि उच्चाराने तोच ‘आय’ म्हणजे होकार. शब्दांच्या अभ्यासकाने हे मत विसरू नये. एंगल पुढच्याच महिन्यात वारले.

आज सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा संपवण्यास १०० पैकी ६० मते लागतात आणि एका पक्षाकडे ती क्वचितच असतात, म्हणून हे सहकार्य तेथे सौजन्याचा नव्हे, गरजेचा भाग आहे. २०२१ मध्ये रस्ते-पुलांच्या मोठ्या विधेयकाला सिनेटमध्ये ६९ मते मिळाली, त्यांत १९ रिपब्लिकनांची होती. असे वाक्य मराठीत आणताना ‘१९ मते फुटली’ न लिहिता ‘१९ रिपब्लिकन सदस्यांनी साथ दिली’ असे लिहावे, आणि ‘पार्टिझन’साठी ‘पक्षाभिनिवेशी’ हा आपला जुना, नेमका शब्द वापरावा.