सायकलचे जीपीएस यंत्र उपग्रह शोधण्यात फार वेळ घालवत असेल, तर काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की परतवाड्याजवळच्या गावातून चिखलदऱ्याच्या दिशेने सायकल काढली की हँडलवरचे यंत्र बराच वेळ 'उपग्रह शोधत आहे' एवढेच दाखवत राहते आणि कधी कधी धामणगाव गढी मागे पडल्यावरच त्याला जागा सापडते. मोबाइल मात्र घराच्या ओसरीतच ठिकाण सांगतो. हे यंत्र चुलतभावाने जर्मनीत वापरलेले असून इकडे आणल्यावर अनेक महिने कपाटात पडून होते, असेही तुम्ही म्हणता. एवढ्या वर्णनावरून ते बिघडले आहे असे मला वाटत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात सायकल चालवतो आणि ओळखीच्या लोकांची अशी यंत्रे लावून देतो. नवे घेण्याचा विचार करण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य करून पाहाव्यात.

मूळ अडचण समजली की उपाय आपोआप सुचतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो की एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, तेव्हा त्याच्या शक्तीचा अंदाज येतो. त्या संकेतातून माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती ३० सेकंदांच्या प्रत्येक चक्रात सांगतो, तिला १८ सेकंद लागतात, आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला १२.५ मिनिटे लागतात. हे गावात फिरणाऱ्या दवंडीसारखे आहे: मधले वाक्य ऐकू आले नाही, तर दवंडीवाला पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावे लागते. तुम्ही निघालात, वाटेत कडुनिंब आला, पुढे टिनाचे शेड आले, की तो तुकडा तुटतो आणि यंत्र पुढच्या चक्राची वाट पाहते. उंची धरून ठिकाण काढण्यासाठी किमान ४ उपग्रहांची माहिती हवी असल्यामुळे चालत्या सायकलवर हा वेळ वाढतच जातो.

तुमच्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शेवटचे ठिकाण आणि जुने वेळापत्रक लक्षात ठेवून यंत्र शोध सुरू करते, त्यामुळे जर्मनीच्या आकाशात जे उपग्रह असायला हवेत तेच ते आधी शोधत बसण्याची शक्यता आहे. काही जुनी यंत्रे 'तुम्ही दूरच्या ठिकाणी आला आहात का?' असे विचारतात. त्याला होय म्हणावे. मोबाइलची तुलना येथे न्याय्य नाही, कारण तो उपग्रहांच्या कक्षांची माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो आणि जवळच्या टॉवरवरून ठिकाणाचा अंदाजही बांधतो.

म्हणून एका सकाळी सायकल न चालवता यंत्र पूर्ण चार्ज करून शाळेच्या मैदानावर, खळ्यावर किंवा पीक नसलेल्या वावराच्या धुऱ्यावर न्यावे, पडदा आकाशाकडे करून ठेवावे आणि २० ते ३० मिनिटे अजिबात हलवू नये. झाडाखाली, टिनाखाली किंवा भिंतीला लागून ठेवू नये. तत्पूर्वी सेटिंगमध्ये घरातल्या ट्रेनरचा (सायकल एका जागी ठेवून चालवण्याचा) प्रकार निवडलेला नाही ना, ते पाहावे, कारण त्या प्रकारात जीपीएस बंद असते. ग्लोनास (रशियाचे उपग्रह) किंवा गॅलिलिओ (युरोपचे उपग्रह) सुरू करण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. आकाशात ऐकण्याजोगे उपग्रह वाढतात. यंत्र मोबाइलच्या अॅपशी जोडता येत असेल, तर निघण्यापूर्वी एकदा जोडावे, कारण पुष्कळ यंत्रे पुढच्या काही दिवसांचे उपग्रहांचे अंदाज अॅपमार्फत घेतात आणि मग शोध फार लवकर संपतो. मात्र दर वेळी वैतागून संपूर्ण रिसेट करू नये. रिसेटने साठवलेले वेळापत्रक पुसले जाते आणि यंत्र पुन्हा शून्यावर येते. रिसेट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्यानंतर नेहमीसाठी एवढेच पाळावे की यंत्र अंगणात मोकळ्या जागी सुरू करावे, तोवर टायरमधली हवा पाहावी, पाण्याची बाटली भरावी आणि ठिकाण मिळाल्यावरच पायडल मारावे. कक्षेची अचूक माहिती साधारण चार तासच उपयोगी राहते, त्यामुळे आदल्या रविवारी यंत्र उत्तम चालले होते याचा या रविवारी लाभ होत नाही.

यंत्रातली तारीखही तपासावी. जुन्या जीपीएस संकेतात आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते आणि असे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले होते. तारीख सुमारे १९ वर्षे ७ महिने मागे दिसत असेल, तर कंपनीचे नवे सॉफ्टवेअर टाकावे. जुन्या यंत्रासाठी ते उपलब्ध नसेल, तर तारखेचा हा दोष तसाच राहील.

हँडलवर स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर लावला असेल, तर यंत्राच्या उपग्रहांच्या पानावरील, प्रत्येक उपग्रहाच्या संकेताचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्या पाहत तो बंद-चालू करावा. पट्ट्या त्यासरशी वर-खाली झाल्या, तर दोष दिव्याच्या सर्किटमधून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाचा आहे आणि दिवा दूर लावणे हाच उपाय आहे.

घाटातला प्रश्न वेगळा आहे. तिथे डोंगर अर्धे आकाश अडवतो, आणि पावसाळ्यात सागाची मोठी ओली पाने संकेत शोषून घेतात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असताना तोच रस्ता यंत्राला सोपा जातो. अशा वाटेवर अंतर बरोबर हवे असेल, तर चाकाच्या हबवर बसणारा वेगाचा सेन्सर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आपल्या अक्षांशांवरच्या आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात) खळबळ होते आणि संकेत मधूनमधून तुटतो. सूर्यावरील हालचाली वाढलेल्या वर्षांत हे अधिक जाणवते. अशा एखाद्या संध्याकाळच्या अनुभवावरून यंत्राला दोष देऊ नये.

मैदानावरच्या चाचणीत पट्ट्या पोकळ दिसत असतील, तर संकेत ऐकू येत आहे, माहिती उतरणे बाकी आहे, थोडे थांबावे. पट्ट्या भरीव असूनही ठिकाण मिळत नसेल, तर सॉफ्टवेअरकडे वळावे. अर्ध्या तासात एकाही उपग्रहाची पट्टी दिसली नाही, तरच यंत्र पडून अँटेना निखळली असावी असे समजून ते दुरुस्तीला पाठवावे, आणि पाठवण्यापूर्वी त्यातल्या फेऱ्यांच्या फायली संगणकावर उतरवून घ्याव्यात.